कठडा खालूनच का गंजतो?

‘जिन्याच्या लोखंडी कठड्याला रंग देऊन वर्ष होत नाही, तोच गज खाली टेकतात तिथे पापुद्रे सुटतात. घरात पाऊस नाही, मग गंज येतो कुठून?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

पाऊस नसला तरी रोज फरशी पुसल्याचं पाणी आहे आणि हाताचा घाम आहे. दोन्हींत क्षार असतात. पण खालूनच का, याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स (१८८९-१९८०) यांच्या एका थेंबात सापडतं.

घासून लख्ख केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन घातलेलं असतं. लोखंड विरघळू लागलं की निळा रंग येतो, अल्कली तयार झाली की गुलाबी. सुरुवातीला जिथे-तिथे निळे-गुलाबी ठिपके उमटतात. मग चित्र पालटतं: मधोमध निळं, काठाला गुलाबी आणि दोहोंमध्ये गंजाचं तपकिरी कडं. काठाला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्याला त्याची चणचण. आणि लोखंड झिजतं ते नेमकं चणचण असते तिथे! (शाळेच्या प्रयोगशाळेत हे सगळं मिळतं, करून पाहाच.) गज आणि खालची पट्टी यांच्यात वेल्डिंगची जी बारीक फट राहते, तिथेही हाच प्रकार चालतो.

मग वरचा रंग काय करतो? तो पाणी अडवतो, असं जाहिराती सांगतात. १९५० च्या आसपास जे. ई. ओ. मेन यांनी हिशेब मांडला, तेव्हा गंज चढायला पुरेल एवढं पाणी आणि ऑक्सिजन रंगाच्या थरातून आरामात आत जातात, असं दिसलं. रंग अडवतो तो मुख्यतः आयनांना, म्हणजे गंजाला लागणाऱ्या विद्युतप्रवाहाला. इव्हान्स पाठ्यपुस्तकांत पोचले. मेन यांना रंगाच्या डब्यावर विसंबणाऱ्यांपैकी कोणी ओळखत नाही. त्यांचं म्हणणं मात्र रंगाऱ्याच्या थेट कामाचं आहे. थराखाली क्षार राहिले, तर आयन आधीच आत बसलेले असतात. शिवाय ते बाहेरचं पाणी ओढून घेतात आणि रंगाला फोड येतात. ‘थेट गंजावर लावा’ म्हणणाऱ्या डब्यांबद्दल मला शंका आहे ती यासाठीच.

तेव्हा तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग साध्या पाण्याने धुणं. बोअरचं जड पाणी नको. लगेच कोरडं करून त्याच दिवशी प्रायमर. नेहमीचा रेड ऑक्साइड हा रासायनिकदृष्ट्या गंजाचाच भाऊबंद. झिंक फॉस्फेटचा प्रायमर गंजाला प्रत्यक्ष रोखतो, म्हणून तो बरा. फटींत आधी बारीक ब्रशने प्रायमर भरावा, बाकीचा कठडा नंतर.

कठडा जुना असेल तर मात्र कोरडा घासू नका. पूर्वी प्रायमर म्हणून शिशाचा शेंदूर लावत. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा भारतात लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या थरांची धूळ लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये. पेपर ओला करूनच घासा आणि खाली अंथरलेला कागद गुंडाळून टाका.