टोकियोतला रविवार आणि ताकाओचा डोंगर

टोकियोच्या निशिकासाई भागात आयटीतली बरीच भारतीय कुटुंबं राहतात. हा भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या सभेवर २०१९मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठी आहेत.

या मंडळींना रविवारी पाय मोकळे करायचे, तर ताकाओसारखा डोंगर नाही. शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभराच्या आत पायथा. उंची ५९९ मीटर, म्हणजे सिंहगड चढणाऱ्यांना किरकोळच! आजी-आजोबा सोबत असतील तर केबलची रेल्वे आहे. तिचा चढ काही ठिकाणी ३१ अंशांहून जास्त; जपानमध्ये सर्वांत तीव्र. बसायचं ते दांडी धरूनच.

वाटेतलं याकुओइन मंदिर परंपरेनुसार सन ७४४चं. तिथे जपानी लोककथांतल्या लांब नाकाच्या तेंगूच्या मूर्ती आहेत. मुलं तिथून हलत नाहीत. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली, तर माथ्यावरून फुजी दिसतो.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावं. इथल्या सोबा नूडल्सवर किसलेला कंद घालतात, दिसायला सगळं शाकाहारी. पण खालच्या रश्श्यात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. पोळी-भाजीचा डबा बरा. आणि डब्यासोबत रिकामी पिशवीही, कारण आपला कचरा आपणच घरी न्यायचा.

वाटा, गाड्या, खाणं, काहीही विचारायचं असेल तर खाली लिहा.