विश्लेषण : रब्बीच्या तोंडावर अवजारांच्या प्रदर्शनाला जाताय? खरेदीची घाई का महागात पडते?

रब्बी हंगाम जवळ आला, की परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकऱ्यांची गर्दी होते. कुणी बियाण्यासाठी येतो, कुणी पेरणी यंत्र पाहायला. अशा प्रदर्शनात ‘आजच बुक करा, सूट मिळवा’ असे ऐकले, की पैसे मोजण्याचा मोह होतो. मात्र या घाईत सरकारी अनुदान हातचे जाऊ शकते. म्हणून काय पाहावे आणि बिल केव्हा करावे, ते समजून घेऊ.

प्रदर्शनाचा मुहूर्त सप्टेंबरचाच का?

विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. दरवर्षी या दिवशी खरीप, तर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी रब्बी पीक परिसंवाद भरवण्याची येथे परंपरा आहे. त्याला जोडून कृषी प्रदर्शन आणि बियाणे विक्री असते. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर मानला जातो. म्हणजे यंत्र ठरवायला फार दिवस नसतात आणि घाई होते ती इथेच.

बीबीएफ यंत्र आपल्या जमिनीला कितपत उपयोगी?

बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी पद्धत. हे यंत्र वरंबे पाडत पेरणीही करते. जिल्ह्यातल्या भारी काळ्या जमिनीत पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते, कमी झाला तर मुरलेली ओल उपयोगी पडते. हरभऱ्याला संरक्षित पाणी द्यायचे झाल्यास सरीतून देता येते. खरिपात हेच यंत्र सोयाबीनला चालते. एका यंत्राचा दोन्ही हंगामांत वापर, हा मोठा फायदा.

ट्रॅक्टरचा एचपी पुरेल का?

बोनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. रोटाव्हेटरसारखे अवजार चालते ते पीटीओवर आणि पीटीओचा एचपी इंजिनापेक्षा कमी असतो. त्यामुळे विक्रेत्याला ‘किती पीटीओ एचपी लागेल?’ असेच विचारा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची वजन उचलण्याची क्षमताही पाहा. घरी बैलजोडी असेल तर बैलचलित अवजारांचीही चौकशी करा. विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावर खास संशोधन प्रकल्प आहे.

पेरणी यंत्र कसे तपासावे?

दोन ओळींतले अंतर बदलता येते का, ज्वारी आणि हरभऱ्यासाठी वेगळ्या तबकड्या मिळतात का, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील का, हे विचारा. बियाणे नेमके किती पडते, याचा हिशेब सोपा आहे. चार ओळी, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे यंत्राची रुंदी १.८ मीटर. ते सुमारे ५६ मीटर चालले की एक गुंठा पेरला जातो. एकरी २८ किलो बियाणे टाकायचे असेल, तर गुंठ्यात ७०० ग्रॅम पडायला हवे. नळ्यांखाली पिशव्या बांधून यंत्र तेवढे चालवा आणि पडलेले बियाणे तोलून पाहा. विक्रेता हे करून दाखवायला तयार नसेल, तर पुढच्या स्टॉलवर जा.

अनुदान कुठे अडते?

कृषी यांत्रिकीकरणात अल्प व अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान मिळते. मात्र प्रत्येक यंत्राला कमाल मर्यादा आहे. क्रम असा : महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती आणि मगच खरेदी. पूर्वसंमतीआधीचे बिल अनुदानाला चालत नाही. अवजार ट्रॅक्टरचलित असेल, तर स्वतःच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या ट्रॅक्टरचे आरसी बुक लागते. निवडलेल्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवालही लागतो. तो स्टॉलवरच मागून घ्या.

किमतीची तुलना करताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि बहुतेक शेती यंत्रांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये हाच दर लावला आहे ना, ते पाहा.

पूर्वसंमती नसेल तर काय?

पेरणी थांबवू नका. यंदा यंत्र भाड्याने घ्या; आपल्या शेतात ते कसे चालते, हेही कळेल. प्रदर्शनातून कोटेशन, मॉडेलचे नाव आणि तपासणी अहवालाची प्रत घेऊन या आणि अर्ज भरा. पैसे मात्र पूर्वसंमतीचे पत्र आल्यावरच मोजा.