आधी वायर बघा, मग फॉरमॅटचं बोला!

दिवाळीची साफसफाई उरकली आणि दुसऱ्याच दिवशी आमचा कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, पण स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ एवढंच. माझ्या मसाल्याच्या ऑर्डरींचा तीन वर्षांचा हिशेब त्यात, लेकीच्या बारशापासूनचे फोटोही त्यातच. पोटात गोळाच आला.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. “फॉरमॅट मारावं लागेल वहिनी,” तो म्हणाला. न बघताच! मी “संध्याकाळी सांगते” म्हणून फोन ठेवला आणि पुण्याच्या भाच्याला गाठलं. तो हसला, “मावशी, फॉरमॅट म्हणजे ट्रंकेतलं सगळं फेकून ट्रंक धुणं. आधी कुलूप का उघडत नाही ते तर बघू!”

मैत्रिणींनो, त्या दिवशी शिकले ते तुम्हालाही सांगते.

लाइटच लागत नसेल, तर आधी बोर्डाचं बटण बघा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. यूपीएस असेल तर तो चालू आहे ना? कॅबिनेटच्या मागे, वायर लागते तिथंही बऱ्याचदा एक छोटं बटण असतं. झाडताना ते हमखास बंद होतं.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा. तरीही नाही, आणि आतून बीप-बीप येत असेल, तर बऱ्याचदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. आमचंही तेच निघालं, बीप मात्र नव्हता! कॅबिनेट सरकवताना पट्टी हलली होती. मेन स्विच बंद करून वायर काढली, कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मग पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली, ‘टक’ आवाज होईपर्यंत परत दाबून बसवली. आणि कॉम्प्युटर सुरू! मात्र वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात करंट साठून राहतो.

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर आधी लावून विसरलेला पेन ड्राइव्ह काढा. दर वेळी घड्याळ मागे पडत असेल, तर आतला बटणासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ मागा, बहुतेक कॉम्प्युटरना तोच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे आतलं सगळं गेलं, असं नाही. फोटो, हिशेब हार्डडिस्कमध्ये असतात आणि बहुतेक वेळा ते सुखरूप असतात. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून ते काढता येतात. म्हणून दुरुस्तीवाल्याला ठणकावून सांगा, “आधी माझ्या फाइली काढून दाखवा, मग फॉरमॅट.” फक्त डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याचाच फोन आला, “येऊ का वहिनी?” म्हटलं, “या की, चहाला या. कॉम्प्युटर चालू झाला!”

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, किराण्याची यादी करायच्या आधी, मी हिशेब आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवते. तो ड्राइव्ह कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी असतो. त्याची किंमत मला आता कळलीय!