उतरलेलं वजन उतरलेलंच राहावं म्हणून

जानेवारी उजाडला की आपल्या मंडळींत डाएटची लाट येते. कुणी भात सोडतं, कुणी रात्रीचं जेवण, कुणी नुसत्या सूपवर राहतं. मार्चपर्यंत दहा-बारा पौंड उतरतात, चारचौघांत कौतुक होतं आणि गणपती येईपर्यंत ते व्याजासकट परत येतात!

यात मनोनिग्रह कमी पडला असं म्हणून आपण स्वतःला दोष देतो. पण वजन उतरलं की शरीर आधीपेक्षा कमी कॅलरी जाळू लागतं आणि भूक वाढवतं. 'द बिगेस्ट लूजर' या टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी केली, तिचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. तरी त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणून तीन महिन्यांत किती उतरवायचं, हा प्रश्नच आपण बाजूला ठेवू या. दहा वर्षं निभेल असं काय बदलायचं, ते पाहू.

आपला काटा वेगळा

"मी काही जाड नाही," असं म्हणणाऱ्यांनीही पुढचं वाचावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, ही ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते. पोटातली ही चरबीच मधुमेह आणि हृदयविकाराला आमंत्रण देते, आणि आपल्या लोकांना ते गोऱ्या लोकांपेक्षा लवकर गाठतात. मुलं कॉलेजात जायच्या वयात वडिलांची बायपास झाल्याची बातमी आपल्यापैकी कुणाला नवी आहे?

म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला २३ म्हणजे साधारण १४२ पौंड. त्याहून सोपं माप म्हणजे कंबर. पुरुषांची साडेपस्तीस इंचांच्या आणि स्त्रियांची साडेएकतीस इंचांच्या आत हवी. पँटच्या लेबलावर विसंबू नका. शिवणकामाच्या डब्यातली टेप काढा.

किती उतरवलं की पुरे?

फार नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यातल्या एका गटाला उद्दिष्ट दिलं होतं वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच. १७० पौंडांच्या माणसाला हे बारा पौंड झाले. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. पुढे काहींचं वजन थोडं परत आलं, तरी दहा वर्षांनीही फायदा शिल्लक होता.

हल्ली वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत. ज्यांना डॉक्टरांनी दिली त्यांनी जरूर घ्यावी. पण २०२२ मधल्या एका अहवालात, औषध बंद केल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आलेला दिसला. म्हणजे स्वयंपाकघर आणि चालणं यांतून सुटका नाहीच.

ताटाची डावी बाजू

त्यासाठी सॅलडची पानं चघळत बसायला नको. आपलं ताट वाढायची जुनी रीत आठवा. डावीकडे चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, उसळ, समोर भात-पोळी. इथे येऊन आपण काय केलं? कोशिंबीर चमचाभर उरली आणि भाताचा ढीग मधोमध आला. तो क्रम उलटवायचा. अर्धं ताट कोशिंबीर आणि भाजी (बटाटा भाजीत धरायचा नाही!), पाव ताट उसळ, घट्ट वरण, मासे किंवा चिकन, आणि उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात. कोशिंबीर आणि उसळ आधी खाल्ली की दुसऱ्यांदा भात घ्यायची वेळ क्वचितच येते.

दुसरं तेल. एका टेबलस्पून तेलात १२० कॅलरी असतात. डब्यातून सरळ कढईत ओतलं तर चार चमचे कधी पडले ते कळतही नाही. फोडणीला चमचा वापरा आणि नवा डबा उघडला की त्यावर तारीख लिहा. डबा किती दिवस पुरला, हा हिशेब डोळे उघडणारा असतो.

तिसरा चहा. कपाला दोन चमचे साखर, दिवसातून तीन कप, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा सांगितली आहे २५ ग्रॅम! साखर एकदम सोडू नका. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही.

आणि उपास? 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही आली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट. उपास करायचाच तर ताक, फळं आणि भाजलेलं रताळं बरं.

पाय आणि हात

मैलभर चालून साधारण शंभर कॅलरी जळतात आणि बेसनाच्या एका लाडवात दीडशे-दोनशे असतात. तेव्हा चालून लाडू फेडायचा बेत फसवा आहे. वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यामुळे, आणि उतरलेलं टिकतं ते चालण्यामुळे. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी निदान तीस पौंड उतरवून वर्षभर टिकवले. त्यांतले बहुतेक जण रोज सुमारे तासभर हालचाल करतात, न्याहारी चुकवत नाहीत आणि नियमित वजन करतात.

सुरुवात अर्ध्या तासाने, आठवड्यातून पाच दिवस करा. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतका वेग ठेवा. बर्फ पडलं तर मॉलमध्ये फेऱ्या मारा. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्या. सूर्यनमस्कार आणि हलके डंबेल्स घरच्या घरी जमतात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण वजन उतरताना मात्रा बदलावी लागते.

हे एकट्याचं काम नाही

घरात एकाचं डाएट आणि बाकीच्यांचं वेगळं, हे फार दिवस चालत नाही. जो स्वयंपाक करतो त्याच्यावरच सगळा भार टाकून भागणार नाही. कोशिंबीर चिरणं, डबे भरणं यात सगळ्यांनी हात घालावा. मुलांसमोर 'जाड' हा शब्द नको. त्यांना सोबत चालायला न्या.

आणि पॉटलक! पाहुण्याला आग्रह करणं ही आपली रीत, पण "आणखी एक घ्याच" याच्या जागी "पोट भरलं ना?" एवढं विचारलं तरी माया कमी होत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडा, पुरी, श्रीखंड आणि जिलेबी यांतले दोनच पदार्थ ठेवून मटकीची उसळ आणि भरपूर कोशिंबीर आली, तर कुणी उपाशी परत जाणार नाही. आमची कार्यकारिणीला एवढी विनंती आहे.

पुढचा अंक हाती पडेपर्यंत तीन महिने आहेत. आठवड्याला अर्धा पौंड उतरला तरी सहा पौंड होतात. आज कंबर मोजा, आकडा फ्रिजच्या दारावर लावा आणि जेवणानंतर बूट घाला.