कापसातून आलेली, ओलाव्यात जाणारी

भोरचा राजवाडा १८६९ सालचा. आज त्याची ओळख आहे ती चित्रपटांमुळे; कितीतरी मराठी-हिंदी चित्रपटांचं चित्रीकरण तिथे झालं. गंमत म्हणजे, वाडा उभा राहिला त्याच सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हस्तिदंती बिलियर्ड चेंडूला पर्याय शोधत होता आणि त्या शोधातूनच पुढे सिनेमाची फिल्म ज्यावर उभी राहिली ते सेल्युलॉइड आकाराला आलं.

कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज बनतं. नायट्रोजन जास्त मुरला तर त्याची स्फोटक दारू होते. तो थोडा कमी ठेवून त्यात कापूर मळला की सेल्युलॉइड! गरम पाण्यात मऊ होणारं, साच्यात हवा तो आकार घेणारं, गार झालं की टणक, वर पारदर्शक. कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा, बाहुल्या, टेबल टेनिसचे चेंडू त्यातून घडले. जुना कंगवा जोरात घासला तर आजही कापराचा वास येतो.

पण जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन हा पदार्थ स्वतःच्या रेणूतच बाळगतो. त्यामुळे पेटलेलं नायट्रेट रीळ पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची कितीतरी रिळं गेली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयासाठी पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकांनी एकेक डबा शोधून आणलेल्या संग्रहाला बसलेला हा घाव. त्याची हळहळ कमी होत नाही.

नायट्रेटची जागा घेतली सेल्युलोज अ‍ॅसेटेटने. ‘सेफ्टी फिल्म’ तीच. ती सहजी पेट घेत नाही. मात्र हळूहळू कुजते. तिच्या ऱ्हासाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारत सरकारकडून! उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या फिल्म्स बिघडल्या होत्या. ओलाव्याने अ‍ॅसेटिल गट सुटतात, व्हिनेगरचं आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल पुढचा ऱ्हास आणखी वाढवतं. फिल्म आकसते, वाकडी होते, वरचा चित्राचा थर सुटू लागतो. आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते.

हा प्रश्न संग्रहालयापुरता नाही. रोल कॅमेऱ्याच्या काळातल्या घरगुती निगेटिव्ह बहुतेक अ‍ॅसेटेटच्याच. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर नव्या अ‍ॅसेटेट फिल्मला आंबट वास यायला साधारण ४० वर्षं लागतात. भोर आणि वेल्ह्याच्या घाटमाथ्याकडे पावसाळ्यात भिंती, गाद्या, पापड सगळंच सादळतं. तिथे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत इतकी मुदत कशी मिळणार? लग्नाचे, बारशाचे, धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या वस्त्यांचे फोटो अशा ट्रंकांत असतील, तर ते दुसऱ्या कुणाकडेही नसतील.

म्हणून ट्रंक उघडावी. प्लॅस्टिकच्या घट्ट पाकिटांतून निगेटिव्ह काढून कोऱ्या, आम्लरहित कागदी पाकिटांत ठेवाव्यात, घरातल्या सर्वांत कोरड्या, गार जागी. आंबट वास येणाऱ्या बाजूला काढाव्यात आणि त्यांचं स्कॅनिंग सगळ्यांत आधी करावं. त्या पूर्ववत होत नाहीत, पण थर सुटण्याआधी चित्र उतरवून घेता येतं.