फुगणाऱ्या काळीला चुना-राखेचा लगाम



आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. वाडवडिलांनी घरे पांढरीत बांधली, ती उगाच नव्हे. पण कुटुंबे वाढली, गावठाण अपुरे पडले. नवे घर, गोठा, पांदण रस्ता, सारे आता काळीत उतरले आहे. मग दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला तिरपी भेग पडते, दार चौकटीत अडकते, फरशी मध्येच वर येते. ऐन पावसात पांदणीत बंडी रुतते आणि खताची पोती शेतापर्यंत पोचत नाहीत. आजारी माणसाला सडकेपर्यंत न्यायचे, तर चार खांदे शोधावे लागतात.

यावर काही उपाय आहे का? आहे. आणि त्याचे सामान आपल्या नागपूर भागात टाकाऊ म्हणून पडलेले आहे.

माती फुगते कशाने?

आपली काळी माती ज्वालामुखीच्या काळ्या खडकापासून झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे अतिशय बारीक खनिज असते. त्याचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाऊस पडला की पानांच्या मधे पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेले की ती आकसते आणि भेगाळते. पिकाला हीच गोष्ट लाभाची, कारण ओल टिकते. पण घराला दरवर्षी खालून धक्का बसतो.

घरीच परीक्षा करा

माती किती फुगते, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. प्रयोगशाळेतही तिचाच आधार घेतात. काचेची दोन सारखी, उभट भांडी घ्या. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली माती दोन्हींत सारख्या मापाने थोडी थोडी टाका. एकात रॉकेल भरा, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. ढवळून २४ तास न हलवता ठेवा. रॉकेलात ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलातल्या थराच्या दीडपट किंवा जास्त भरला, तर जपून राहा. दुप्पट किंवा त्याहून जास्त भरला, तर माती फार फुगणारी आहे असे समजा.

चुना आणि राख काय करतात?

चुना मातीत मिसळला की काही तासांतच तिचा चिकटपणा कमी होतो आणि ती भुसभुशीत होते. पुढे काही आठवडे चुना मातीशी आणि राखेशी हळूहळू संयोग पावतो आणि सिमेंटसारखी पकड धरतो.

राख आपल्याला लांबून आणायला नको. कोराडीचे वीज केंद्र १९७४ पासून चालू झाले. खापरखेडा आणि मौदा येथेही केंद्रे आहेत. या केंद्रांच्या धुराड्यांतली उडती राख घ्यावी. भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्यांच्या भट्टीतली कोंड्याची राख मिळते. कोंड्याच्या राखेत वाळूतले तत्त्व, म्हणजे सिलिका, भरपूर असते. ती राखाडी-पांढरी असेल ती चांगली. काळी राख नीट जळलेली नसते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना फार थोडा असतो. म्हणून नुसती राख टाकून भागत नाही. चुन्याची जोड हवीच.

गोठ्यापुढचे अंगण असे करा

१० फूट लांब, १० फूट रुंद आणि ६ इंच जाड थराला सुमारे १८ क्विंटल कोरडी माती लागते. तिला शेकडा ४ प्रमाणे ७२ किलो विझवलेला चुना आणि शेकडा १५ प्रमाणे २ क्विंटल ७० किलो राख धरा. हे प्रमाण सुरुवातीचे आहे. प्रत्येक शेताची माती वेगळी असते.

काम उन्हाळ्यात करावे. गवत-मुळे काढून माती खणा आणि ढेकळे बारीक फोडा. आधी चुना मिसळा, थोडे पाणी शिंपडा आणि एक दिवस झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी राख मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, इतकेच पाणी द्या. मग पसरून रोलरने किंवा धुम्मसने चांगले ठोका. सात दिवस ओल्या पोत्यांनी झाकून ठेवा. शेवटी वर मुरूम पसरा आणि पाणी वाहून जाईल असा उतार ठेवा.

सगळे अंगण खणण्याआधी दोन गोळे करून पाहा, एक साध्या मातीचा आणि एक मिश्रणाचा. आठवडाभर ओलसर ठेवून दोन्ही पाण्यात टाका. साधा गोळा विरघळेल. मिश्रणाचा टिकला, तर प्रमाण जमले. पांदणीला हीच रीत लागू पडते, पण तिथे ग्रामपंचायतीच्या अभियंत्याला विचारूनच काम काढा आणि दोन्ही बाजूंना चर ठेवा.

घराच्या पायाचे काय?

नव्या घराचा पाया मात्र चुना-राखेवर सोडू नका. पाया भेगांच्या खोलीच्या खाली गेला पाहिजे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की मुरमासारख्या न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर थर मध्ये घातला, तर खालची काळी वर उचलत नाही. खर्च पाहून अभियंत्याचा सल्ला घ्या. बांधलेल्या घराभोवती चार-पाच फूट रुंद पक्की पट्टी करा, पागोळ्यांचे पाणी दूर न्या आणि मोठी झाडे भिंतीला लागून लावू नका.

सावध राहा

चुना डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. काम करताना नाक-तोंड बांधा, लहान मुलांना दूर ठेवा. जमिनीत जिप्समाचे खडे दिसत असतील, तर चुना घालू नका. अशी माती उलट जास्त फुगते. राखेचा ढीग विहिरीजवळ, नाल्याकाठी किंवा उघड्यावर ठेवू नका, कारण राखेत जड धातूंचे अंश असतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राख-तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. मोकळी राख त्रास देते. चुन्याशी बांधून, ठोकून, मुरमाखाली झाकलेली राख कामाला येते.

यंदाच्या उन्हाळ्यात सगळे अंगण नको, गोठ्याच्या दारापुढचा दहा फुटांचा तुकडा करून पाहा. दोन पावसाळे तो टिकला, तर पुढचे तुम्हालाच कळेल.