सुटलेला कुत्रा आणि घरचे आरोग्य

गेल्या सुगीतील गोष्ट. खानापूर तालुक्यातील आमच्या एका शेजाऱ्याच्या खळ्यावर भात मळण्याचे यंत्र आले होते. ते आत घेता यावे म्हणून परड्याचे फाटक काढून बाजूला ठेवले होते. यंत्र सुरू होताच घरचा कुत्रा बिथरला, सैल पट्ट्यातून मान काढून पळाला. पोरे काठ्या घेऊन त्याच्या मागे लागली. ती जितकी धावली तितका तो पुढे गेला आणि रस्ता ओलांडून उसात शिरला. तिसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा त्याच्या कानाचे टोक फाटलेले होते. घरच्या मुलाने आनंदाने त्याला उचलायला हात पुढे केला. ज्या हातातून तो रोज भाकरी खात असे, त्याच हाताच्या मनगटाला तो चावला.

मुलगा आज बरा आहे, कुत्राही घरी आहे. पण ऐन सुगीत बापाला कामे टाकून मुलाला घेऊन इस्पितळाच्या फेऱ्या घालाव्या लागल्या. कारण कुत्र्याला लस दिलेली नव्हती. "घरचेच जनावर, त्याला सुई कशाला?" असे सगळ्यांनी धरून चालले होते.

शेतकरी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात राखणीचा कुत्रा असतो. तो कधीतरी सुटणार, हे धरूनच आपण तयारी ठेवली पाहिजे. ती अशी.

कुत्रा का पळतो?

कुत्रा खोडसाळपणाने पळत नाही, त्याला काही कारण असते. पहिले कारण भीती. दिवाळीचे व लग्नाचे फटाके, वळवाचा गडगडाट, मळणीचे यंत्र यांच्या आवाजाने तो वाट फुटेल तिकडे धावतो. दुसरे कारण माज. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तो काळ सुमारे तीन आठवडे चालतो. तेवढ्या दिवसांत आसपासचे नर कुंपण मोडूनही बाहेर पडतात. तिसरे कारण कंटाळा. दिवसरात्र साखळीला असलेला कुत्रा एकदा सुटला की लांब जातो, कारण त्याला मोकळे फिरणे ठाऊकच नसते. चौथे कारण नवे घर. नव्याने आणलेला कुत्रा पहिले दोनतीन आठवडे जुन्या घराची वाट शोधतो. तेवढे दिवस त्याला दोरीशिवाय बाहेर काढू नये.

घराबाहेर धोके बरेच आहेत. रस्त्यावरची वाहने आहेत, उघड्या विहिरी आहेत, उंदरांसाठी ठेवलेले विष आहे, रानडुकरांसाठी लावलेले फास आहेत. रानाजवळच्या गावांत बिबट्याही आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबाने बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व गावातील कुत्र्यांचाच निघाला. तो ३९ टक्के होता. म्हणून रानालगतच्या वस्तीत कुत्र्याला रात्री अंगणात बांधून ठेवू नये. गोठ्यात किंवा पडवीत दार लावून ठेवावे.

सुटू नये म्हणून

१. गळ्याचा पट्टा असा असावा की त्याखाली दोन बोटे जातील, पण कानांवरून तो निघणार नाही. पिल्लू वाढते तसा पट्टा दर आठवड्याला तपासावा, नाहीतर तो मानेत रुततो. फार भित्र्या कुत्र्याला छातीवरून जाणारा पट्टा बरा.

२. पट्ट्यावर मोबाइल नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहावा किंवा पितळी बिल्ल्यावर कोरून घ्यावा. याला खर्च थोडा, उपयोग मोठा.

३. कुंपणाच्या किंवा गडग्याच्या बुडाशी कुत्रे उकरतात. तेथे जड दगड पुरावेत. पावसाळ्यात गडगा ढासळतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक फेरी मारून भगदाडे बुजवावीत.

४. बहुतेक कुत्रे कुंपणातून नव्हे, तर उघड्या फाटकातून जातात. फाटकाची कडी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच लावावी. यंत्र, बैलगाडी किंवा पाहुणे यायचे असतील तर आधी कुत्रा बांधावा, मग फाटक उघडावे. रविवारी मिस्साला निघताना घाईत फाटक उघडे राहते आणि कुत्रा आपल्यामागोमाग रस्त्याला लागतो, हा अनुभव अनेकांचा असेल.

५. आखूड साखळीऐवजी दोन खांबांमध्ये तार ताणावी व साखळीची कडी तारेत अडकवावी. कुत्र्याला मागेपुढे फिरता येते. तेथे सावली व पाणी असावे. जवळ उडी मारण्यासारखी भिंत नसावी, नाहीतर तो पलीकडे उडी मारून लटकतो. सकाळसंध्याकाळ त्याला दोरीला धरून फिरवून आणावे.

६. पिल्ले नको असतील तर नर व मादी दोघांचीही पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. माजामुळे होणारी भटकंती त्याने पुष्कळ कमी होते आणि कुत्रा राखणीला निकामी होत नाही.

सुटलाच तर

येथेच आपण सर्वांत मोठी चूक करतो. आपण धावतो, ओरडतो, दहा माणसे गोळा करतो. भ्यालेल्या कुत्र्याला अशा वेळी धनीसुद्धा ओळखू येत नाही. मागे लागणारा तो शत्रू, एवढेच त्याला कळते. अशाने आपणच त्याला रस्त्यावर किंवा विहिरीकडे हाकलतो.

कुत्रा नजरेच्या टप्प्यात असेल तर जागच्या जागी थांबावे. त्याच्या डोळ्यांत बघू नये. अंग थोडे तिरपे करून खाली बसावे आणि नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या नावाने हाक मारावी. सुकट किंवा भाकरीचा तुकडा आपल्या बाजूला टाकावा. तो जवळ आला तरी झडप घालू नये. आधी खाऊ द्यावे, मग खालून हात नेऊन छातीला कुरवाळावे आणि पट्ट्यात हळूच दोरी अडकवावी. डोक्यावरून हात आणू नये. खेळकर कुत्रा असेल तर त्याच्याकडे पाठ करून घराच्या दिशेने चालू लागावे. पुष्कळदा तो आपणच मागे येतो.

दिसेनासा झाला असेल तर तो शेवटी जेथे दिसला तेथून शोध सुरू करावा. पहाटे व तिन्हीसांजेला, गडबड नसताना, घरच्या एकदोन माणसांनीच जावे. पंपघर, गवताची गंजी, मोरी, पडके घर, उसाचा बांध पाहावा. दूधवाला, गुराखी, शाळेची मुले, बसचा वाहक, चहाच्या टपरीवाला यांना सांगून ठेवावे. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकावा. 'दिसला तर पकडू नका, फक्त फोन करा' हे त्यात जरूर लिहावे. जवळचा पशुदवाखाना व नगरपालिका येथेही विचारावे. शेवटी दिसलेल्या जागी घरच्या माणसाचा वापरलेला सदरा, पाणी आणि रोज ठरलेल्या वेळी थोडे अन्न ठेवावे. घरचे फाटक रात्री किंचित उघडे ठेवावे. पुष्कळ कुत्रे अंधारात आपल्या पायांनी परततात.

कुत्रा विहिरीत पडला असेल तर कोणीही एकट्याने खाली उतरू नये. चारी कोपऱ्यांना दोर बांधून बाजले किंवा मोठी टोपली पाण्यात सोडावी. पोहून दमलेला कुत्रा तिच्यावर चढतो. मग सर्वांनी मिळून ओढावे.

जखमी कुत्रा सर्वांत जास्त चावतो. त्याला उचलण्यापूर्वी मुसके बांधावे. रुंद कापडी पट्टी घेऊन लांबूनच तिचा फास तोंडावर टाकावा, गाठ हनुवटीखाली आणावी व टोके कानांमागे बांधावीत. श्वास कोंडत असेल किंवा ओकारी येत असेल तर मुसके ताबडतोब काढावे. नंतर गोणपाटावर ठेवून न्यावे. लहान मुलांना या कामात घेऊच नये.

परत आल्यावर

घरी आलेला कुत्रा नीट तपासावा. गोचीड, काटे, जखमा पाहाव्यात. कुणी चावल्याची खूण दिसली तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून जखम साबण व पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. आधी लस दिलेली असली तरी पुन्हा द्यावी लागते. अंगात गेलेला रेबीजचा विषाणू काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही रोग उत्पन्न करतो. म्हणून पशुवैद्य सांगतील तितके दिवस कुत्र्याला वेगळे बांधावे.

त्याचा स्वभाव एकाएकी बदलला, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला किंवा पाय लुळे पडले तर सावध व्हावे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितोच असे नाही, आणि तो अंगावर येतोच असेही नाही. काही कुत्रे गुपचूप कोपऱ्यात पडून राहतात. 'घशात हाड अडकले असेल' असे म्हणून तोंडात हात घालणे जिवावर बेतते. गाईम्हशींच्या बाबतीतही हीच चूक होते.

माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. लगेच इस्पितळात जावे व लस सुरू करावी. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही टोचावे लागते, ते डॉक्टरांना विचारावे. चावलेला कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावा, त्याला मारू नये. तो दहा दिवसांनंतरही धडधाकट राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजते, आणि पुढच्या सुया थांबवायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतात. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ असे कधीही म्हणू नये. रोगाची लक्षणे दिसू लागली की त्यावर औषध नाही.

काही वडीलधारी मंडळी अजून पोटातल्या चौदा सुयांना भितात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ पूर्वीच बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच सुया, त्याही महिन्याभरात संपतात. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली व तो वाचला. आज हे संरक्षण आपल्या सरकारी इस्पितळात आहे.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र कुत्रा सुटण्याआधीचा आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी, पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी, आणि नंतर दरवर्षी एक. कार्ड जपून ठेवावे. एका भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते असा जागतिक अनुभव आहे. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून दारोदार व रस्तोरस्ती अशी मोहीम चालली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेथे झाले ते आपल्या गावात का होऊ नये?

आमच्या त्या शेजाऱ्याने आता फाटकाला उंच कडी लावली आहे, पट्ट्यावर नंबर घातला आहे, आणि लसीचे कार्ड रेशनकार्डाजवळ ठेवले आहे. आज संध्याकाळी गुरे बांधून झाली की आपणही आपल्या कुत्र्याचा पट्टा, घरचे फाटक आणि लसीची तारीख या तीन गोष्टी पाहाव्यात.